केसगळती, पुटकुळ्या आणि फुटलेल्या टाचा: घरात काय करावं, काय टाळावं

प्रश्न: मी 21 वर्षांची आहे. नंदगडला राहते आणि रोज बसने बेळगावला कॉलेजला जाते. महिनाभर झाला, केस खूप गळताहेत, फणीत पुंजके येतात. गालांवर आणि हनुवटीवर पुटकुळ्या आहेत, त्यांचे काळे डाग राहतात. मोबाईलवर बघून लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट असं बरंच लावलं, आता साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरतो. सकाळी चहा-बिस्किटं खाऊन निघते, दुपारपर्यंत गळून जाते. महागाचं काही नको, घरात होईल असं सांगा. थंडीत आईच्या टाचा रक्त येईपर्यंत फुटतात, त्यावरही सांगा. आणि सांगायचं राहिलं, सप्टेंबरात मला डेंग्यू झाला होता.

उत्तर: जे राहिलं म्हणून तू शेवटी लिहिलंस तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या केसांचं बरंचसं उत्तर तिथे आहे. डेंग्यू, टायफॉईड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन असा जोराचा ताण शरीरावर आला की डोक्यावरचे बरेच केस एकदम वाढ थांबवतात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, आपण तो ताप विसरूनही गेलेलो असतो तेव्हा, मुळापासून सुटायला लागतात. सप्टेंबरातला ताप आणि आत्ताची गळती, हिशेब बरोबर बसतो. दिवाळी झाली की माझ्या दवाखान्यात अशा कितीतरी मुली-बायका येतात, आणि प्रत्येकीने तोवर दोन-तीन तेलं बदललेली असतात. त्यात तेलाचा दोषही नसतो आणि गुणही नसतो.

ही गळती साधारण सहा महिन्यांत आपणहून ओसरते. चांगल्या उजेडात आरशासमोर उभी राहा, केस मागे ओढून धर आणि कपाळाच्या कडेला बघ. अर्ध्या-एक सेंटिमीटरचे, न बसणारे, उभे राहणारे बारीक केस दिसले तर नवीन केस यायला लागलेत असं समज. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पुन्हा भरलेली दिसायला वर्ष जातं. तोवर धीर धरायचा. दिवसाला 50 ते 100 केस तर धडधाकट माणसाचेही गळतात.

मात्र नवीन केस धरायला शरीरात लोह आणि प्रथिनं असावी लागतात, आणि तुझं दुपारपर्यंत गळून जाणं मला तिथे शंका घ्यायला लावतं. म्हणून घरगुती उपायांच्या आधी रक्ताच्या तीन तपासण्या करून घे: सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच. पहिलीत हिमोग्लोबिन कळतं. तुझ्या वयाच्या मुलीचं ते 12 च्या खाली असलं तर रक्त कमी आहे. पण हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं, ते फेरिटिनवरून कळतं. तिसरी थायरॉईडची. लोह खरंच कमी निघालं तर नुसत्या खाण्याने ते भरून यायला फार काळ लागतो, गोळ्या घ्याव्या लागतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, आशाताईंना विचारलंस तरी सांगतील. गोळ्या सुरू झाल्यावर शौचाला काळं होतं, त्याला घाबरून बंद करू नकोस.

आता स्वयंपाकघरात येऊ. आमच्याकडे आया मुलींना घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, रोज बीट द्यायलोय की पोरीला, रक्त का वाढंना?" बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, असा समज घराघरात बसलाय. बिटात लोह फार थोडं असतं. गुळाचंही तेच. आपल्या भागात गुऱ्हाळं आहेत, चांगला गूळ मिळतो, खावाही. पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य असतं आणि बाकी सगळी साखरच. मग लोह येतं कुठून? हुलगे (म्हणजे कुळीथ), मटकी, मसूर, अळीव, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतून. घरात चालत असेल तर मटण, मासे यांतून, आणि त्यातलं अंगी लागायला सोपं.

डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला एक युक्ती पाळावी लागते: बरोबर आंबट फळाचं काहीतरी ताजं हवं, आणि चहा दूर हवा. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व ते लोह शरीराला घेता येईल अशा रूपात आणतं. चहा-कॉफीतली तुरट द्रव्यं ते अडवतात. आपल्याकडे जेवणावर लगेच चहा ठरलेला, तिथेच निम्मं वाया जातं. चहा सोड असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर एकेक तास सोडून घे.

तुझ्यासाठी मी पहिलं काय सुरू करेन, तर हुलग्याचं माडगं. अर्धा किलो हुलगे निवडून, मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाज. घाई केलीस तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, मग पोट धरतं. गार झाले की गिरणीतून बारीक पीठ करून आण, घट्ट झाकणाच्या डब्यात भर. रोज सकाळी दोन मोठे चमचे पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालव. पातेल्यात चमचाभर तेलात जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता टाक, दीड वाटी पाणी ओत, मीठ घाल. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सात-आठ मिनिटं शिजलं की कच्चा वास जातो आणि डावाला पातळ थर धरतो. खाली उतरव, पिण्याजोगं कोमट होऊ दे आणि मग अर्धं लिंबू पिळ. लिंबू उकळत्यात घालायचं नाही, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. कुणी माडगं गुळाचं, दूध घालून करतात. चवीला ते छान लागतं, पण दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून तुला तिखटमिठाचंच सांगते. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे केसांना लागणारं लोह आणि प्रथिनं दोन्ही एकाच वाटीतून मिळतात. कुणाला हुलग्याने पित्त होतं, त्याने मसूर किंवा मटकीची उसळ खावी, अडून बसायचं कारण नाही.

तुमच्या खानापूर तालुक्यात नाचणी घरची असते, तिची आंबील दुपारी परतल्यावर घे. नाचणीने रक्त वाढतं असं सांगतात, पण तिच्यात लोह साधारण ज्वारीइतकंच. तिची खरी ताकद कॅल्शियमची, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तुझ्या वयात हाडं भरत असतात तेव्हा ते हवंच. रात्री दोन चमचे पीठ ताकात भिजवून झाकून ठेवायचं, सकाळी आईने पाण्यात शिजवून ठेवलं तर तू आल्यावर ताक, मीठ, कोथिंबीर घालून प्यायची. रात्रभर आंबवल्याने धान्यातली लोह-कॅल्शियम अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात, म्हणून हा भिजवण्याचा भाग टाळू नकोस.

जेवणात भाकरीबरोबर कच्ची मेथी किंवा कांद्याची पात खायची आपली पद्धत फार चांगली आहे, ती सोडू नकोस. मेथी बारीक चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, लिंबू आणि थोडं तेल घातलं की पचडी तयार. पावसाळ्यात मात्र कच्चा पाला टाळ आणि एरवीही मिठाच्या पाण्यात दोनदा धुऊन घे. बरोबर कारळ्याची किंवा जवसाची चटणी. बॅगेत बिस्किटांऐवजी उकडलेलं रताळं आणि मूठभर शेंगदाणे ठेव. बेळगुंदीकडची रताळी हंगामात बाजारात ढिगाने असतात, बिस्किटाच्या पुड्यापेक्षा महाग पडत नाहीत, आणि पोट तासाभरात पुन्हा रिकामं होत नाही. मैदा आणि साखर सतत खाण्याचा पुटकुळ्यांशीही संबंध दिसून आलेला आहे, तेव्हा हा बदल दोन्हीकडे कामाला येईल. सणाला, पाहुण्यांत कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, खाल्लास तर काही बिघडत नाही.

थंडी आहे तोवर अळिवाचे लाडू करून घे. पाव वाटी अळीव एका नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव, चांगले फुगतात. त्यात दोन वाट्या खवलेलं ओलं खोबरं आणि एक वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परत. रोज एक लाडू आणि त्यावर एक आवळा. ओल्या खोबऱ्यामुळे ते बाहेर तीन-चार दिवसच टिकतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका; अळीव आपल्याकडे बाळंतपणानंतर देतात, आधी नाही.

केस धुण्याबद्दल. शिकेकाई चांगलीच, पण ती केस गळायचे थांबवत नाही, ती केस स्वच्छ करते. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस करणारं नैसर्गिक द्रव्य असतं. घरची करायची तर पाव किलो शिकेकाई, शंभर ग्रॅम आवळकाठी, पन्नास ग्रॅम बिया काढलेला रिठा आणि पन्नास ग्रॅम मेथी, सगळं कडक उन्हात वाळवून दळून आण. ज्या डंकात चटणी कुटतात तिथे हे देऊ नकोस. यंत्रात राहिलेली मिरची पुडीत उतरते आणि न्हाताना डोकं नि डोळे दोन्ही पेटतात. दोन चमचे पूड दोन वाट्या पाण्यात रात्री भिजव, सकाळी दहा मिनिटं उकळून जुन्या धोतराच्या कापडातून गाळ. कोरडी पूड केसांत चोळलीस तर कण अडकतात, ते काढताना कमकुवत केस तुटतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो, तिथे शिकेकाईचं पाणी साबणापेक्षा कितीतरी बरं. आणि घाईच्या दिवशी साधा सौम्य शाम्पू वापरलास तरी केसांचं काही वाईट होत नाही.

तेल लावायचं असेल तर न्हाण्याच्या आधी तासभर घाण्याचं खोबरेल पुरे. रात्रभर लावून झोपू नकोस. ते उशीवरून कपाळावर आणि गालांवर उतरतं, आणि खोबरेल पुटकुळ्या वाढवणाऱ्या तेलांपैकी आहे. एरंडेल नुसतं कधीच नको, इतकं चिकट असतं की केसांचा गुंता होऊन बसतो. कांद्याचा रसही सगळे सांगतात. तो चाई पडलेल्या, म्हणजे केस जाऊन गोल टक्कल पडलेल्या, चट्ट्यांवर एका लहानशा अभ्यासात वापरला गेला होता, तापानंतरच्या गळतीशी त्याचा संबंध नाही, आणि तुझी त्वचा आधीच चिडलेली आहे.

आता चेहरा. इथे मला तुला थोडं रागावून सांगायचंय. लिंबाचा रस पोटात जितका चांगला तितकाच चेहऱ्यावर वाईट. आपली त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप, पाचच्या आसपास; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबाचा दोन ते अडीच, खायच्या सोड्याचा आठाच्या वर. तू एकदा इकडे ओढलंस, एकदा तिकडे, त्यात त्वचेचा वरचा संरक्षक थर खरवडला गेला. म्हणून पाणीसुद्धा चुरचुरतं. शिवाय लिंबू लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात, ते महिनोन्महिने राहतात. सकाळी लिंबू लावून बस स्टॉपवर उभं राहणं म्हणजे डाग घालवायच्या नावाने नवे डाग आणणं. टूथपेस्टही दातांसाठीच आहे.

पुढचे दोन आठवडे चेहऱ्याला कुठलाही घरगुती लेप लावू नकोस. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि सौम्य, वास नसलेला फेसवॉश, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. कोरडं वाटलं तर साधं मॉइश्चरायझर. घराबाहेर पडताना ओढणीने चेहरा झाक, जमल्यास सनस्क्रीन लाव. पुटकुळीनंतरचे डाग ऊन लागलं की गडद होतात, ऊन टाळलं की काही महिन्यांत फिकट होतात. बोटाने फोडायची सवय असेल तर ती आजच सोड, अर्धे डाग तिथूनच येतात.

चुरचुर पूर्ण थांबल्यावर, हवाच असेल तर हा एक लेप. मसुरीच्या डाळीचं अगदी बारीक, वस्त्रगाळ पीठ एक चमचा, ताजं दही एक चमचा, चिमूटभर आंबेहळद. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ आणि दोन दिवस थांब. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. कडा वाळायला लागल्या की लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. पूर्ण वाळून ताणायला लागेपर्यंत ठेवतात, तेच चुकतं, मुलतानी मातीचंही तसंच. हळदीबद्दल एक काळजी घे: सुटी, भडक पिवळी पूड नको, तिच्यात रंग मिसळलेला असू शकतो, कधी शिशाचा सुद्धा. हळकुंडं आणावीत, तीही फार चकचकीत पिवळी नकोत, मळकट आणि खडबडीत असली तर उत्तम. सांगलीची बाजारपेठ आपल्याला जवळ आहे, तिथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हाच नियम पोटात जाणाऱ्या हळदीलाही.

दारात कोरफड असेल तर पान कापून लगेच चोळू नकोस. कापल्या टोकाकडून पिवळा चीक गळतो, तोच आग करतो. पान पेल्यात पंधरा मिनिटं उभं ठेव, चीक निथळू दे, धुऊन घे, मग साल काढून आतला पारदर्शक गर घे. हाही आधी कोपराला.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण या वयाच्या मुलींना मी विचारतेच: मैत्रिणीने किंवा मेडिकलवाल्याने दिलेली "गोरं होण्याची" ट्यूब लावतेस का? अशा पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉईड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, लव वाढते, पुटकुळ्या दुप्पट होतात. 2018 साली सरकारने अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असं ठरवलं, तरी ती हातोहात मिळतात. लावत असशील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव, कारण एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो आणि ते घरगुती लेपाने आवरत नाही. तुझा रंग गव्हाळ असो की सावळा, त्यात बरं करण्यासारखं काही नाही.

हनुवटीवर पुटकुळ्या, पाळी पुढे-मागे होणं, ओठांवर-हनुवटीवर राठ केस, वजन वाढणं, हे सगळं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घे. आणि पुटकुळ्या मोठ्या, दुखणाऱ्या, खड्डे पाडणाऱ्या असतील तर महिनाभर घरी प्रयोग करत बसू नकोस. त्यावर चांगली औषधं आहेत, सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातही मिळतात.

आईच्या टाचांसाठी तुझ्याच तालुक्यात सगळ्यात चांगलं औषध आहे: भिरंडेल, म्हणजे कोकमच्या बियांचं तेल. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत किंवा गोव्याकडून येणाऱ्यांकडे त्याचे पांढुरके, मुठीत वळलेले गोळे मिळतात. ते थंडीत दगडासारखं घट्ट असतं आणि शरीराच्या उष्णतेहून जरासं जास्त तापलं की वितळतं, म्हणून भेगेत भरलं की तिथेच थिजून बसतं. खोबरेल पायपुसण्याला लागून जातं, हे जात नाही. रात्री आईचे पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, भेगांच्या कडेची मेलेली कातडी हलक्या हाताने घासा. सुरी-ब्लेड लावू नका. मग लोखंडी पळीत भिरंडेलचा तुकडा दिव्यावर वितळवायचा, बोटाला सोसेल इतका निवू द्यायचा आणि भेगांत भरून वर सुती मोजे घालायचे. चार-पाच रात्रींत दुखणं कमी होतं, भेगा भरायला दोन-तीन आठवडे लागतात. सकाळी शेतात किंवा ओल्या मोरीत अनवाणी वावरत असतील तर चप्पल घालायला लाव, नाहीतर रात्रीचं दिवसा वाया जाईल.

भेगांभोवती पांढरी भुकटी सुटते किंवा बोटांच्या बेचक्यांत खाज येते असं असेल तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं मलम लागतं. आणि आईला मधुमेह आहे का, हे आधी रक्त तपासून बघा. मधुमेह असेल तर पाय गरम पाण्यात ठेवायचे नाहीत, भाजलं तरी कळत नाही. अशा वेळी रक्त येणारी भेग घरी न ठेवता दवाखान्यात दाखवायची.